तुराट्यांवर ऑइल इंजिन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

तूर निघाली की सोलापूर जिल्ह्यात बांधाबांधावर तुराट्यांचे ढीग लागतात. थोड्या चुलीला जातात, थोड्या कुडाला लागतात, उरलेल्या तिथेच पेटवून दिल्या जातात. सांगोल्याकडे डाळिंबाच्या छाटणीचं लाकूड साठतं, बार्शी-पंढरपूर भागात द्राक्षाच्या काड्या, आणि कॅनॉलच्या कडेला वेडी बाभूळ तर कुणी न लावता माजलेली असते. त्याच रानात इंजिनासाठी डिझेलचा कॅन मात्र गावातून येतो. हे जळण इंजिनाला वापरता येईल का, असं बरेच जण विचारतात. येतं. लाकूड मोजक्या हवेत जाळून त्याचा गॅस करायचा आणि तो इंजिनाला द्यायचा; हा गॅस करणाऱ्या भट्टीला गॅसिफायर म्हणतात. यात चमत्कार काही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्या देशातही बस आणि ट्रकच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून गाड्या चालत होत्या.

पण नवखा माणूस सुरुवात बहुतेक वेळा उलट्या टोकाने करतो. आधी इंजिन शोधतो, मग वेल्डरकडे भट्टीची टाकी बनवायला देतो, आणि जळणाचा विचार शेवटी करतो. माझं म्हणणं एवढंच, की जळण आधी, इंजिन नंतर. तुमच्याकडे कुठलं जळण आहे, किती आहे आणि किती वाळलेलं आहे, यावरच कुठलं यंत्र चालेल ते ठरतं.

पहिली पायरी: जळण मोजा आणि वाळवा

पाच एचपीचं ऑइल इंजिन भरल्या लोडवर तासाला साधारण १ लिटर डिझेल पितं. लाकडाच्या गॅसवर जोडलं तर त्यातलं ६० ते ८० टक्के डिझेल वाचू शकतं. उरलेलं लागतंच, कारण डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो आणि नुसता लाकडाचा गॅस दाबाने पेट घेत नाही. थोडं डिझेल पेटतं आणि ते गॅसला पेटवतं. वाचणाऱ्या दर लिटर डिझेलमागे ४ किलोच्या आसपास कोरडं लाकूड लागतं. म्हणजे तासाला ३ किलो, पेटवण्या-विझवण्यातली नासाडी धरून साडेतीन. वर्षाला ६०० तास पाणी द्यायचं असेल तर दोन टनांहून जास्त तोडलेलं, वाळलेलं, पावसापासून झाकलेलं जळण हाताशी हवं. तुराटीची एक पेंढी काट्यावर ठेवा, पेंढ्या मोजा, गुणाकार करा. हा हिशोब जमला नाही तर पुढे जाऊच नका.

आता ओलावा. गॅसिफायरला २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलं जळण चालत नाही. १५ च्या खाली असेल तर उत्तम. ओलं लाकूड घातलं की आतली आग पाणी उकळण्यातच थकते, उष्णता पडते, गॅस पातळ होतो आणि टार, म्हणजे डांबरासारखा काळा चिकटा, वाढतो. यंत्राच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. ओलावा मोजायला महागडं उपकरण नको. ढिगाच्या आतल्या भागातून १ किलो तुकडे घ्या, बारीक करा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर एक दिवस ठेवा आणि परत वजन करा. ८५० ग्रॅम भरलं तर ओलावा १५ टक्के. वरवरचे तुकडे घेऊ नका, ते नेहमीच कोरडे निघतात.

आपल्याकडचं ऊन इथे कामाला येतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या चाळिशीपारच्या उन्हात पातळ पसरलेले बोटभर जाडीचे तुकडे लवकर वाळतात. पण जाड बाभळीचे ओंडके सालीसकट ठेवले तर पावसाळ्यापर्यंतही आतून वाळत नाहीत. म्हणून आधी तोडा, मग वाळवा. मृगाच्या आत सगळं पत्र्याखाली गेलं पाहिजे, जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा विटांवर.

तुकड्याचं माप लहान गॅसिफायरला २ ते ५ सेंटिमीटर. हे काम किचकट आहे आणि रोजचं आहे. कोयत्याने दोन टन तुराट्या तोडायच्या म्हणजे माणूस मेटाकुटीला येतो, त्यामुळे कटर हा खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. दाणे काढलेली मक्याची कणसं या बाबतीत सगळ्यांत सोयीची: आकार आयताच बरोबर, फक्त कडक वाळलेली हवीत. वेडी बाभूळ जड, घट्ट आणि कमी राखेची आहे, मला विचाराल तर जिल्ह्यातलं सगळ्यांत चांगलं इंजिनाचं जळण तेच. काट्यांमुळे हातमोजे आणि जाड तळाची चप्पल लागते. स्वतःच्या बांधावरची वेगळी गोष्ट, पण गायरान, वनखातं किंवा पाटबंधाऱ्याच्या जागेतली तोडायची असेल तर आधी लेखी परवानगी काढा.

काय घालू नये

उसाचं पाचट लाकडाच्या गॅसिफायरमध्ये घालू नका. माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात ते ढिगाने पडलेलं दिसतं म्हणून मोह होतो. पण ते हलकं आणि पसरट असल्यामुळे आत घसरत नाही. वर डाट बसतो, खाली पोकळी होते आणि आग वर चढते. शिवाय त्याच्या राखेतली वाळू आणि पोटॅश उष्णतेने वितळून खंगर बनतो आणि तळाची, राख खाली पाडणारी जाळी बंद पडते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचटासारख्या हलक्या जळणासाठी वेगळ्या रचनेचा गॅसिफायर विकसित केला होता, तोही भट्टीला उष्णता देण्यासाठी. त्या कामातून घ्यायचा धडा हाच, की जळण बदललं की भट्टीची रचनाच बदलावी लागते. घरच्या इंजिनासाठी हा नाद नको. पाचट सरीत कुजवा, जमिनीला त्याचा जास्त उपयोग आहे.

कडबा तर जाळायचाच नाही, तो जनावराच्या तोंडचा घास आहे. भाताचं तूस आणून घालण्याचा सल्लाही कुणी देईल; त्यात वीस टक्क्यांच्या आसपास राख असते, त्याचीही भट्टी वेगळी. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक यांतलं काहीही नको.

दुसरी पायरी: भट्टीत काय होतं ते समजून घ्या

हे समजलं नाही तर यंत्र चालवता येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इंजिनासाठी जी भट्टी वापरतात ती खालच्या दिशेने ओढणारी असते, तिला डाउनड्राफ्ट म्हणतात. वरून लाकूड पडतं. सगळ्यांत वर ते वाळतं. थोडं खाली हवेशिवाय तापून त्यातून धूर आणि टार सुटतो, मागे कोळसा उरतो. त्याखाली तोट्यांतून मोजकी हवा आत येते, आणि तिथे हजार अंशांच्या वर आग असते. तो सगळा धूर या आगीतून आणि त्याखालच्या लालबुंद कोळशाच्या थरातून खाली ओढला जातो. तिथे टार तुटतो, आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ कोळशाशी भिडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. हाच तुमचा गॅस.

त्यात साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १५ ते २० टक्के हायड्रोजन, थोडा मिथेन, आणि निम्मा नायट्रोजन असतो. नायट्रोजन जळत नाही, नुसती जागा अडवतो. म्हणून हा गॅस कमजोर: एका घनमीटरला हजार ते बाराशे किलोकॅलरी. एका किलो लाकडातून अडीच घनमीटरच्या आसपास मिळतो. जळायला त्याला स्वतःएवढीच किंवा थोडी जास्त हवा लागते, त्यामुळे मिश्रणाच्या टी-जोडाला हवेचा आणि गॅसचा पाइप जवळपास सारख्याच मापाचा ठेवतात.

यातून दोन गोष्टी निघतात. गॅस कमजोर असल्याने इंजिनाची ताकद घटते: डिझेलसोबत चालवलं तर वीस-पंचवीस टक्के धरा, पेट्रोल इंजिन नुसत्या गॅसवर चालवलं तर निम्म्याच्या आसपास. दुसरं, भट्टी मापापेक्षा फार मोठी घेतली किंवा इंजिन कमी लोडवर रेंगाळत ठेवलं तर गळ्याजवळची, म्हणजे आगीखालच्या अरुंद भागातली, आग पुरेशी तापत नाही आणि टार न तुटताच पुढे निघून जातो. त्यामुळे ‘असू दे जरा मोठी’ हा विचार इथे घातक आहे. भट्टी इंजिनाला नेमकी पुरेल एवढीच हवी.

पहिली भट्टी व्हिडिओ पाहून स्वतः जोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गळ्याचा व्यास, तोट्यांची संख्या, तोटी ते गळा हे अंतर, सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं. तयार घ्या किंवा जिथे वर्षभर चालली आहे तिचं माप घेऊन अनुभवी माणसाकडून बनवून घ्या.

तिसरी पायरी: इंजिन

जुनं, संथ, जाड लोखंडाचं इंजिन यासाठी सगळ्यांत बरं. लिस्टर पद्धतीचं मिनिटाला ६५० फेऱ्यांचं सिंगल सिलिंडर इंजिन राजकोटला वर्षानुवर्षं बनत आलं आहे, त्यावर हे काम छान होतं. १५०० फेऱ्यांची शेतीची इंजिनंही चालतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या इंजिनाला हात लावू नका.

इंजिनात फार बदल करावा लागत नाही. हवेच्या फिल्टरनंतर टी-जोड, गॅसला एक झडप, हवेला एक झडप. डिझेल पंप, नोझल, कॉम्प्रेशन तसंच राहतं. गॅस आत आला की इंजिन जरा वेगाने फिरू पाहतं, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, लगेच डिझेल मागे ओढतो. पंपाच्या रॅककडे बघत गॅसची झडप हळूहळू उघडा, तो दांडा मागे सरकताना डोळ्यांना दिसतो आणि धुराड्यातला ठोका मऊ होतो. तेवढं डिझेल वाचलं. झडप फार उघडली तर इंजिन ठोकायला लागतं किंवा गुदमरून काळा धूर टाकतं. तिथून थोडं मागे यायचं.

एक धोका मात्र नीट लक्षात घ्या. गव्हर्नरचा ताबा डिझेलवर आहे, गॅसवर नाही. पट्टा निसटला किंवा विहिरीतलं पाणी तळाला गेलं आणि पंपाने हवा धरली, तर लोड एकदम उतरतो, डिझेल बंद होतं, पण गॅस येतच राहतो आणि इंजिन बेफाम सुटू शकतं. म्हणून गॅसची झडप हाताच्या अंतरावर, एका झटक्यात बंद होणारी हवी. जनरेटर चालवायचा असेल, जिथे लोड सारखा खालीवर होतो, तिथे गव्हर्नरला जोडलेली गॅस झडपच लागते.

गॅस साफ करणं

भट्टीतून निघालेला गॅस गरम असतो, राख-कोळशाची धूळ आणि उरलासुरला टार घेऊन येतो. आधी सायक्लोनमध्ये गरगर फिरून जड धूळ खाली पडते, मग गॅस थंड करायचा, मग कोरड्या भुशाच्या किंवा वाळूच्या थरातून आणि शेवटी कापडी फिल्टरमधून न्यायचा. थंड का, तर थंड गॅस घट्ट असतो, सिलिंडरमध्ये जास्त मावतो; आणि टार फिल्टरमध्येच बसतो, इंजिनात जाऊन बसत नाही.

रोजची तपासणी सोपी आहे. शेवटच्या फिल्टरनंतर एक छोटी तोटी ठेवा आणि उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन उभं राहून तिच्यासमोर पांढरं सुती फडकं दोन मिनिटं धरा. फडकं पांढरं राहिलं किंवा पुसटसं राखाडी झालं तर गॅस चालेल. पिवळा-तपकिरी, बोटाला चिकटणारा डाग पडला तर इंजिनाला गॅस देऊ नका. जळण ओलं आहे, किंवा भट्टी अजून तापलेली नाही, किंवा वर डाट बसलाय, यांपैकी एक नक्की. टार इंजिनात गेला तर तो आधी इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. चालू असताना पत्ता लागत नाही; रात्री थंड झाल्यावर व्हॉल्व्ह गोंद लावल्यासारखा अडकतो आणि सकाळी हँडल मारताना पुशरॉड वाकतो.

पाण्याच्या फवाऱ्याने गॅस धुण्याची पद्धतही आहे. त्यातलं काळं पाणी विषारी असतं, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा रानात सोडायचं नसतं. आपल्या कमी पाण्याच्या मुलखात कोरडे फिल्टरच बरे.

चालू करणं, बंद करणं

भट्टी उघड्यावर हवी, किंवा चारी बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या गॅसमध्ये तो २० टक्के आहे, आणि बंद खोलीतल्या हवेत १ टक्का झाला तरी काही मिनिटांत माणूस जातो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही पहिली लक्षणं. वाटलं की ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत. दुसरा कुणी पडलेला दिसला तर आधी गॅस बंद करून वारा खेळेल असं करा, माणसाला बाहेर काढा आणि १०८ ला फोन लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर असलाच पाहिजे. लहान मुलं, जनावरं आणि बिडी यांना तिथे जागा नाही.

चालू करताना तळाला, तोट्यांच्या थोडं वरपर्यंत, लाकडी कोळसा भरा. वर वाळलेलं लाकूड. झाकण बंद. छोटा ब्लोअर लावून तोटीतून पेटवा. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो बाहेरच्या फ्लेअर पाइपवर जाळून टाकायचा. दहा-पंधरा मिनिटांत धूर पातळ होतो आणि ज्योत स्वतःहून टिकते. निळसर, स्वच्छ ज्योत म्हणजे गॅस तयार. पिवळी, काजळी धरणारी म्हणजे अजून थांबा. तोवर इंजिन नुसत्या डिझेलवर गरम करून, लोड देऊन ठेवलेलं असावं. मग फडक्याची तपासणी, आणि मग गॅसची झडप सावकाश.

चालू असताना ठरावीक वेळाने जाळी हलवा, राख खाली पडू द्या. जळण कमी झालं तर भरायचं, पण झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. आत गॅस आणि बाहेर हवा. दोन्ही एकत्र आले की भडका उडू शकतो. पापण्या आणि मिशा जळालेले ऑपरेटर या धंद्यात कमी नाहीत.

बंद करताना आधी गॅसची झडप बंद, इंजिन पाच मिनिटं डिझेलवर चालू ठेवा म्हणजे व्हॉल्व्ह साफ होतील. मग भट्टीची हवेची सगळी तोंडं बंद करा. आग हवेविना गुदमरून विझते, आतला कोळसा दुसऱ्या दिवशी कामाला येतो. गरम भट्टी ‘बघूया आत काय झालंय’ म्हणून कधीही उघडायची नाही.

इंजिन ऑइल निम्म्या मुदतीत बदला. खाली निघालेली कोळसामिश्रित राख फेकू नका, शेणखतात मिसळा.

दुसरे मार्ग

जळण हलकंसलकं आणि ओलंही असेल तर बाहेर जाळून वाफ करणं हा जुना मार्ग. १८७७ साली उभी राहिलेली सोलापूरची जुनी मिल वाफेच्याच जमान्यातली. आजही जिल्ह्यातले साखर कारखाने जवळजवळ निम्मं पाणी असलेलं उसाचं चिपाड तसंच बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, कारण तिथे धूर इंजिनात जातच नाही. पण लहान वाफेचं इंजिन जळणातल्या ऊर्जेपैकी दहा टक्केही कामाला लावत नाही, आणि बॉयलर ही दाबाची वस्तू आहे, त्याला सरकारी नोंदणी आणि तपासणी लागते. वस्तीवर वाफेचा प्रयोग नको.

करंजाचं तेल संथ इंजिनात चालतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, म्हणजे कल्पना इंजिनाइतकीच जुनी आहे. तेल गाळून घ्यायचं, सायलेन्सरच्या उष्णतेवर ८० अंशांच्या आसपास तापवून पातळ करायचं, आणि चालू-बंद नेहमी डिझेलवर करायचं. तेल फक्त कमी आहे, हीच अडचण.

घरी आठ-दहा जनावरं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: गोबरगॅस आधी बघा. त्यात टार नाही, तोडणं-वाळवणं नाही. लोखंडी किसाच्या डब्यातून गॅस नेऊन त्यातला सडक्या अंड्याच्या वासाचा भाग काढायचा आणि त्याच टी-जोडाने इंजिनाला द्यायचा.

तुमच्यासाठी आहे का?

एकट्या शेतकऱ्याला दिवसा फक्त पाणी उपसायचं असेल तर आज सौर पंप सोपा पडतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ पासून चालू आहे, तिकडे अर्ज करा. गॅसिफायरला रोज एक लक्ष देणारा माणूस लागतो. जिथे तो माणूस आहे, कोरडं लाकूड जवळ आणि फुकटात आहे, आणि रोज सहा-आठ तास सारख्या लोडवर यंत्र चालतं, तिथेच हे परवडतं. डाळ मिल, तेलघाणा, पिठाची गिरणी. जिथे उष्णताही लागते, म्हणजे बेदाणा किंवा डाळ वाळवायला, तिथे आधी नुसता भट्टीचा गॅस बर्नरवर जाळायला सुरुवात करा. बर्नरला थोडा टार चालतो, इंजिनाला चालत नाही. एक हंगाम बर्नरवर हात बसू द्या, मग इंजिन जोडा.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती किलो जळण, किती लिटर डिझेल, किती तास, फडक्याचा रंग. महिन्याच्या शेवटी डिझेलची बचत काढा आणि त्यातून तोडणी-वाळवणीची मजुरी वजा करा. अडलं तर ही वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेच्या कार्यालयात जा; समोरच्या माणसाला आकडे दिसले की सल्लाही नेमका मिळतो. यंदा तूर काढणार असाल तर पेंढ्या पेटवायच्या आधी एक पेंढी काट्यावर ठेवून बघा.